कुठला झेब्रा आधी? रस्ता ओलांडायच्या जागांची यादी शहर कशी लावतं आणि खरं तर कशी लावायला हवी

मी काही वर्षं एका कन्सल्टंटकडे नोकरी केली, तेव्हा आमच्याकडे एका महापालिकेचं काम आलं होतं, नाव घेत नाही. काम काय, तर शहरात लोक रस्ता ओलांडतात त्या जागा सुधारायच्यात, कुठून सुरुवात करायची ती यादी द्या. पहिल्या मीटिंगला त्यांनीच एक यादी हातात ठेवली, शंभरावर जागा, आणि पैसे जेमतेम डझनभर जागांचे. ही यादी बनली कशी म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, आलेल्या पत्रांवरून. म्हणजे ज्याने पत्र लिहिलं त्याचा चौक यादीत आला. आता पत्र कोण लिहितं? रिटायर्ड काका, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि माननीय नगरसेवक. जी बाई पहाटे पाचला डोक्यावर पाटी घेऊन सहा पदरी रस्ता पळत ओलांडते ती काही पत्र लिहायला बसत नाही, तिचा चौक त्या शंभरात नव्हताच.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. खाली जे लिहितोय ते वॉर्डातल्या ज्युनियर इंजिनियरला पण उपयोगी पडेल आणि आपल्या भागात एखादं क्रॉसिंग मागणाऱ्या सामान्य माणसाला पण, कारण शहर कशावरून ठरवतं हे कळलं की मागायचं कसं तेही कळतं. प्रश्न छोटा नाहीये. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशभरात अपघातात १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे रोजची साधारण ९०.

आधी जागा शोधा, झेब्रे नाही

पहिली चूक इथेच होते. लोक रंगवलेल्या झेब्र्यांची यादी काढतात आणि त्यातले पुसट झालेले कुठले ते बघतात. अहो पण माणसं ओलांडतात कुठून? डिव्हायडरच्या ज्या दोन ब्लॉकमध्ये फट आहे तिथून, रेलिंगचा एक गज कुणीतरी वाकवलाय तिथून, बसस्टॉपच्या अगदी समोरून. वाकवलेला गज दिसला की समजायचं इथे क्रॉसिंगची मागणी आहे, त्यापेक्षा चांगला सर्व्हे कुणी करून देणार नाही. महापालिका दर वर्षी तो गज सरळ करते आणि महिन्याभरात तो परत वाकतो, हा खेळ तुम्ही पण बघितला असेल.

तर नकाशा घ्या, मोबाईलवरचा चालेल, आणि त्यावर बसस्टॉप, शाळा, दवाखाने, मंडई, स्टेशन, मोठी देवळं-मशिदी, कंपन्यांचे गेट, वस्त्या असं सगळं टाका. ज्या दोन गोष्टींमध्ये रस्ता आडवा येतो तिथे टिंब. रस्त्याच्या एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा टँकर उभा राहतो अशी जागा कुठल्याच नकाशावर नसते, त्यासाठी चालावंच लागतं. टिंबं टाकून झाली की प्रत्येक ठिकाणी जाऊन एका कागदावर एवढं लिहून आणा: फुटपाथच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत किती मीटर, पदर किती, मध्ये डिव्हायडर आहे का आणि तो उभं राहण्याएवढा रुंद आहे का, सिग्नल आहे का आणि त्यात चालणाऱ्यांचा दिवा आहे का, गाड्या कुठपर्यंत पार्क होतात, रात्री उजेड किती, कडेला उतार आहे का की व्हीलचेअरवाला तिथेच अडकणार, आणि चेंबरचं झाकण, विजेची डीपी, पानटपरी अशी कुठली गोष्ट नेमकी उतरायच्या जागेवर आहे. रात्री परत एकदा जाऊन बघायचं, हे कुणी करत नाही. दिवसा व्यवस्थित वाटणारा चौक रात्री झाडाच्या सावलीत काळा ठिक्कर असतो कारण दिव्याचा खांब झाडाच्या वर आहे.

अपघाताचे आकडे: घ्या, पण डोळे मिटून नको

आकडे मिळतात तीन ठिकाणी. एक पोलीस, दुसरं आयरॅड म्हणजे केंद्राची रस्ते अपघातांची एकत्रित डेटाबेस प्रणाली, आयआयटी मद्रासने बनवलेली, ज्यात पोलीस जागेवरून मोबाईलवर माहिती आणि लोकेशन भरतात, आणि तिसरं १०८ रुग्णवाहिका आणि मोठ्या हॉस्पिटलच्या नोंदी. जुन्या एफआयआरमध्ये जागा म्हणजे "अमुक हॉटेलजवळ", आणि ते हॉटेल बंद होऊन आता तिथे मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे जुने कागद नकाशावर बसवणं हे दिवसच्या दिवस खाणारं काम आहे, पण त्याला शॉर्टकट नाही. ठाण्यातल्या जुन्या हवालदारांना घेऊन बसा, त्यांना सगळं आठवतं.

वर्षं किमान तीन घ्या, पाच असतील तर उत्तम. एका वर्षावर जाऊ नका, कारण एखाद्या चौकात नशिबाने एका वर्षी दोन माणसं जातात आणि पुढच्या वर्षी काहीच न करता एकही नाही, मग कोणीतरी म्हणतो बघा आमच्या स्पीडब्रेकरने फरक पडला. ब्लॅकस्पॉटची केंद्राची व्याख्या पण तीन वर्षांवरच आहे: राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. ती महामार्गासाठी आहे हे लक्षात ठेवा, कारण शहरातल्या चौकाला तीच लावून "तुमचा चौक ब्लॅकस्पॉटमध्ये बसत नाही" असं उत्तर मिळतं. शहरात अपघात विखुरलेले असतात, एकाच रस्त्यावर पाच बसस्टॉप आणि प्रत्येकासमोर एक-एक, कुठलाच चौक "स्पॉट" होत नाही पण अख्खा रस्ता माणसं खातोय. म्हणून चौकासोबत रस्त्याचा पूर्ण पट्टा पण बघायचा.

आणि आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. जिथे अपघात नाहीत ती जागा सुरक्षित आहे असं कागद सांगतो, पण बऱ्याचदा तिथे अपघात नाहीत कारण तिथून ओलांडायची कुणाची छातीच होत नाही. आजी देवळात जायचं सोडते. पोरगा समोरच्या शाळेत जायला दोनशे मीटरसाठी रिक्षा करतो. हे कुठल्याच एफआयआरमध्ये येत नाही. फक्त अपघातांवर यादी लावली तर इतक्या वाईट जागा की माणसांनी त्या सोडूनच दिल्या, त्या कायमच्या तळाला राहतात.

मोजणी: एक दिवस, चार माणसं, एक छत्री

यंत्र नको, कॅमेरे नकोत, असतील तर बरं. आठवड्यातला मधला दिवस घ्या, शाळा सुरू असताना, सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे कप्पे करून. आठवडी बाजार असेल तर तो दिवस वेगळा मोजा. एकाने गाड्या, एकाने माणसं. माणसांमध्ये लहान मुलं, म्हातारी माणसं, काठीवाले, मूल कडेवर घेतलेल्या बायका वेगळ्या खुणेने. तिसऱ्याने फक्त एक काम करायचं: ओलांडायला आलेला माणूस किती सेकंद थांबला, पळाला का, आणि थांबून कंटाळून परत फिरला का. हा परत फिरलेल्यांचा रकाना मी प्रत्येक फॉर्मवर ठेवतो. आमच्याकडे एका साहेबांनी विचारलेलं की हे कशाला, ओलांडलंच नाही तर मोजायचं काय. तेच तर मोजायचंय.

चौथा माणूस वेग मोजतो. रस्त्याच्या कडेला खडूने ३० मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचने मोकळी धावणारी गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती वेळात जाते ते बघा. ३ सेकंद लागले तर ताशी ३६ किमी, २ सेकंद लागले तर ५४. तीसेक गाड्या मोजल्या की अंदाज येतो. गर्दीच्या वेळी मोजून उपयोग नाही, तेव्हा सगळं शहर मुंगीच्या चालीने चालतं, सकाळी सहाला नाहीतर रात्री दहानंतर मोजा. वेग एवढा महत्त्वाचा का, तर साधं गणित आहे. ड्रायव्हरला कळून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला तर ५० च्या वेगात गाडी तेवढ्यात १४ मीटर पुढे गेलेली असते आणि मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढेच, म्हणजे २८. तीसच्या वेगात सगळं मिळून १३ मीटर. दोन रिक्षांच्या मागून अचानक पोरगं आलं तर या १५ मीटरमध्ये सगळं ठरतं. पावसात तर अजून वाईट.

पीव्ही स्क्वेअरची गंमत

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०३ म्हणून मार्गदर्शक आहे, पायी चालणाऱ्यांच्या सोयींवर. त्यात दोन चौकांच्या मधल्या भागात सिग्नलवालं क्रॉसिंग द्यावं का हे बघायला एक सूत्र येतं. गर्दीच्या तासातली चालणारी माणसं म्हणजे पी, त्याच तासातल्या गाड्या म्हणजे व्ही, आणि पी गुणिले व्हीचा वर्ग. डिव्हायडर नसेल तर हा आकडा १० कोटीच्या वर आणि डिव्हायडर असेल तर २० कोटीच्या वर गेला की जागा पात्र. शिवाय वेग फार असेल, माणसांना खूप थांबावं लागत असेल किंवा वर्षात पाच किंवा जास्त जण जखमी होत असतील तर तेही निकष आहेतच, पण ऑफिसात सगळे चिकटून बसतात या सूत्राला कारण आकडा येतो आणि आकड्यावर सही करायला कुणी घाबरत नाही.

आता करून बघा. कुठलाही मोठा रस्ता घ्या, डिव्हायडरवाला, तासाला ३,००० गाड्या, आपल्या शहरांत हे काहीच नाही. वर्ग झाला ९० लाख. २० कोटी गाठायला किती माणसं लागतात? २३. म्हणजे तेवीस माणसं एका तासात ओलांडली की जागा पास, म्हणजे मुख्य रस्त्यांवरची जवळपास प्रत्येक जागा पास. सगळेच पास झाले तर पहिला नंबर कुणाचा हे सूत्र सांगू शकत नाही, ते दार आहे, रांग लावणारा माणूस नव्हे.

आता उलटी बाजू. शाळेसमोरची आतली गल्ली, डिव्हायडर नाही, शाळा सुटताना तासात ५०० गाड्या, बहुतेक पालकांच्या स्कूटी, आणि ३०० मुलं. ५०० चा वर्ग अडीच लाख, गुणिले ३००, साडेसात कोटी. नापास! तीनशे लहान मुलं नापास आणि तिकडे तेवीस माणसं पास. बरं, दुचाकीला अर्धी गाडी धरली, जशी बऱ्याच मोजणीत धरतात, तर ५०० चे २५० होतात आणि वर्ग असल्यामुळे उत्तर चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणून कुणी सूत्राचा आकडा तोंडावर फेकला तर पहिला प्रश्न विचारायचा, गाड्या कशा मोजल्या?

गुण द्यायची पाटी

यावर उपाय म्हणजे प्रत्येक जागेला शंभरपैकी गुण. जगात बरीच शहरं या ना त्या रूपात हेच करतात. कुठल्या गोष्टीला किती वजन हा खरा राजकीय प्रश्न आहे आणि तो आधी, जागांची नावं झाकून ठरवायचा, नाहीतर आपला चौक वर येईल असं वजन प्रत्येक जण सुचवतो (मी हे डोळ्यांनी बघितलंय). माझी विभागणी अशी: झालेले अपघात ३०, रस्त्याचा स्वतःचा धोका म्हणजे वेग, पदर, रुंदी, अंधार हे ३०, कोण ओलांडतं म्हणजे मुलं, म्हातारे, दवाखान्याचे पेशंट आणि एकूण गर्दी २५, आणि दुसरा मार्ग आहे का आणि तिथल्या लोकांकडे गाडी आहे का याला १५.

उदाहरणाला तीन जागा घेतो. पहिली मंडईचा चौक, सिग्नल आहे, प्रचंड गर्दी, अपघात बरेच पण वेग कमी त्यामुळे बहुतेक खरचटण्याचे. दुसरी ती शाळेची गल्ली. तिसरी शहराच्या कडेचा सहा पदरी रस्ता, एका बाजूला कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला बसस्टॉप आणि वस्ती, सिग्नल लांब, दिवे अर्धे बंद. गुण मांडले तर मंडईला २४, १२, १४ आणि ४ मिळून ५४. शाळेला ४, १०, २४ आणि ७ मिळून ४५. सहा पदरीला १२, २७, १२ आणि १५, झाले ६६. पत्रांवरून यादी लावली असती तर मंडई पहिली, नुसत्या अपघातांवरून लावली असती तरी मंडई पहिली. इथे कडेचा रस्ता पहिला येतो आणि तो का आला हे कुणालाही समजावून सांगता येतं.

आता हे आकडे मी मांडले म्हणजे ते ब्रह्मवाक्य नाही, म्हणून वजनं हलवून बघायची. अपघातांचं वजन ३० वरून ४५ करा आणि बाकीची त्या प्रमाणात कमी करा, तर मंडई आणि सहा पदरी दोन्ही ६० च्या आसपास येऊन बरोबरीत उभे राहतात. म्हणजे काय, तर या दोघांना वर ठेवा आणि कोण आधी यावर वाद घालत बसू नका. कशीही वजनं लावली तरी वर राहणाऱ्या जागा पक्क्या. जी जागा एका विशिष्ट वजनालाच वर उडी मारते तिच्याकडे जरा संशयाने बघा. आणि अपघात मोजताना मृत्यूला जास्त, गंभीरला त्याखालोखाल आणि किरकोळला कमी असे गुण ठेवा, नाहीतर गर्दीचे हळू चौक नेहमी जिंकतात.

एक्सेल पुरतं. सॉफ्टवेअर विकायला येणारे येतीलच.

जागा ठरली, आता करायचं काय

इथे बहुतेक ठिकाणी उत्तर तयार असतं: पट्टे मारा. २००५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने एक अभ्यास छापला, तीस शहरांतली हजार पट्टे मारलेली आणि हजार बिनपट्ट्यांची क्रॉसिंग. दोन पदरी रस्त्यावर दोघांत फरक दिसला नाही. पण जास्त पदर आणि दिवसाला १२,००० च्या वर गाड्या असलेल्या रस्त्यावर बाकी काही न करता फक्त पट्टे मारले होते तिथे अपघाताचं प्रमाण उलट जास्त निघालं. का ते रोज दिसतं: पहिल्या पदरातली गाडी थांबते, माणूस पुढे होतो, आणि थांबलेल्या गाडीच्या आडून दुसऱ्या पदरातली बाईक सुसाट येते. त्यामुळे मोठ्या रस्त्यावर पट्टे हे शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे. आपल्याकडचे ड्रायव्हर अमेरिकेपेक्षा जास्त थांबतात असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा माझ्यासोबत यावं. कायद्याने झेब्र्यावर चालणाऱ्याचा हक्क पहिला आहे, ते आहेच, पण कायदा ब्रेक दाबत नाही.

मग काय दाबतं? रस्त्याचा आकार. पैशाच्या हिशोबात मला सगळ्यात वसूल वाटणारी गोष्ट म्हणजे मधला थांबा, ज्याला इंजिनियर रेफ्युज म्हणतात. डिव्हायडर दीड-दोन मीटर रुंद करून त्यात फुटपाथच्याच पातळीला नाहीतर रस्त्याच्या पातळीला मोकळी जागा ठेवायची, म्हणजे माणूस एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या बघतो. अमेरिकेच्या त्याच खात्याच्या आकड्यांत रेफ्युजने चालणाऱ्यांचे अपघात ५६ टक्क्यांपर्यंत कमी झालेले आहेत. आपल्याकडे अडचण एकच, त्या जागेत दुसऱ्याच दिवशी बाईक घुसते, यू टर्न मारायला. त्यासाठी खांब लावायचे, पण इतके जवळ नको की व्हीलचेअर अडकेल, आणि थांब्यातली वाट सरळ न ठेवता थोडी तिरकी ठेवली की माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या गाड्यांकडे होतं.

दुसरी फुकटासारखी गोष्ट, कोपऱ्यावरचं पार्किंग हटवणं. क्रॉसिंगच्या अलीकडे पाच-सहा मीटर गाडी उभी नसली की ड्रायव्हरला माणूस दिसतो आणि माणसाला ड्रायव्हर. न्यू जर्सीच्या होबोकेन गावाने हे सगळीकडे केलं, नुसतं रंगवून नाही तर तिथे खांब, झाडांच्या कुंड्या, सायकल स्टँड असं काहीतरी ठेवून, आणि बाकीच्या उपायांसोबत मिळून २०१७ पासून कित्येक वर्षं तिथे वाहन अपघातात एकही मृत्यू नाही. आपल्याकडे नो पार्किंगचा बोर्ड लावून काम झालं समजतात. बोर्डाखाली गाडी लावायची आपली जुनी परंपरा आहे, तिथे फुटपाथच पुढे काढला पाहिजे.

शाळेच्या गल्लीला उंच क्रॉसिंग. म्हणजे फुटपाथच्या उंचीला अख्खा पट्टा वर घ्यायचा, गाडीने चढून उतरायचं. पण पाण्याचा विचार आधी करा! उंच पट्टा म्हणजे रस्त्यात बांध, पहिल्या पावसात अलीकडे तळं होतं आणि लोक शिव्या घालत ते तोडायला लावतात. दोन्ही कडांना जाळीचं गटार घ्यायचं आणि एस्टिमेटमध्ये ते वेगळं लिहायचं, नाहीतर ठेकेदार पहिलं तेच गाळतो.

सिग्नलच्या चौकात बऱ्याचदा खोदकाम लागतच नाही, नुसता वेळ बदलायचा असतो. चालायचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटरच्या रस्त्याला २० सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजीचा वेग ०.८ धरला तर ३०. हिरवा माणूस २० सेकंदांचा असेल तर आजी शेवटचे आठ मीटर चालू गाड्यांत चालते. मध्ये थांबा असेल तर १२-१२ चे दोन टप्पे, मग आजीला पण १५ सेकंद पुरतात. शिवाय चालणाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या तीन-चार सेकंद आधी सोडायचा, म्हणजे वळणाऱ्या गाड्या यायच्या आत माणसं रस्त्यात उतरलेली दिसायला लागतात. खर्च शून्य, कंट्रोलरमध्ये आकडा टाकायचा. याची परवानगी मिळवायला मात्र आम्हाला पट्टे मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता, कारण सिग्नलचं सेटिंग एकाकडे, देखभाल दुसऱ्याकडे आणि वीजबिल तिसऱ्याकडे.

पादचारी पूल आणि भुयारी मार्ग यावर फार लिहीत नाही. महामार्ग किंवा रेल्वे असेल तर ठीक. शहरातल्या रस्त्यावर चाळीस-पन्नास पायऱ्या चढून उतरण्यापेक्षा माणूस खालून पळतो, त्याला आळशी म्हणून काही होणार नाही. पूल झाला की खालचं क्रॉसिंग बंद करतात, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

रस्ता कुणाचा आणि पैसा कुठला

इथे चांगल्या याद्या मरतात. तोच रस्ता अर्धा किलोमीटर महापालिकेचा, पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पुढे महामार्ग प्राधिकरणाचा, आणि मेट्रोचं काम चालू असेल तर तात्पुरता मेट्रोचा. यादीत प्रत्येक जागेपुढे मालकाचं नाव लिहा. महापालिकेच्या आत पण पथ विभाग, विद्युत, मलनिस्सारण, उद्यान (झाड छाटायचं असेल तर), आणि बाहेर वाहतूक पोलीस. सगळ्यांना एकाच दिवशी एकाच जागेवर उभं करणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं आहे, पण एकदा जमलं की जे काम सहा महिने पत्रांत फिरलं असतं ते अर्ध्या तासात ठरतं.

मग यादीचे तीन ढीग करा. पहिला, या महिन्यात होणारी कामं: सिग्नलची वेळ, दिवा, झाडाची फांदी, पार्किंग, पट्टे. दुसरा, या वर्षीची: थांबा, कोपरा पुढे घेणं, उंच क्रॉसिंग. तिसरा, अख्खा रस्ता नव्याने करायचा. गुण जास्त म्हणून आधी हे बरोबर, पण पहिल्या ढिगातली कामं गुण कमी असले तरी करून टाका, ४५ गुणांच्या शाळेने ६६ वाल्याचं काम होईपर्यंत वाट बघायची गरज नाही. आणि डांबरीकरणाचा कार्यक्रम आधी मागून घ्या. पुढच्या हिवाळ्यात जो रस्ता उखडून नवा होणार आहे तिथे आज पट्टे मारणं म्हणजे पाण्यात पैसे, उलट त्याच टेंडरमध्ये थांबा आणि उतार घुसवले तर वेगळं बजेट लागतच नाही. रस्ता दोष दायित्वाच्या मुदतीत असेल, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत संपली नसेल, तर उखडलेला भाग जुन्याच ठेकेदाराकडून करून घ्या.

पुण्यात राहत असाल तर दोन-तीन गोष्टी हाताशी आहेत. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय, त्याचा हवाला पत्रात द्या. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ त्याच सुमाराच्या रस्ता आराखड्याच्या विचारातून झालेत, साहेबांना "असं पाहिजे" म्हणून दाखवायला बरं पडतं. नगरसेवकांची "स" यादी, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची बजेटमधली तरतूद, असतेच, आणि नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक २००६ पासून चालू आहे, त्याचा फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात भरून छोटी क्रॉसिंगची कामं सुचवता येतात. मुदत चुकवू नका, गेली की वर्ष गेलं.

पत्र लिहिताना "अत्यंत धोकादायक चौक, तातडीने कार्यवाही व्हावी" हे वाक्य गाळा, प्रत्येक पत्रात तेच असतं. त्याऐवजी: मंगळवारी संध्याकाळी ५ ते ७ इतकी माणसं, त्यात इतकी मुलं, सरासरी थांबणं इतके सेकंद, इतके परत फिरले, रुंदी इतकी, रात्रीचा वेग इतका, दोन फोटो, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, आणि मागणी एकच, नेमकी. सोबत मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ आठवणीला द्या, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं: रस्त्याचं डिझाईन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार आणि कन्सल्टंटलासुद्धा १ लाखापर्यंत दंड. (हो, कन्सल्टंट पण. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात सगळ्यांनी जुन्या ड्रॉइंग उघडून बघितल्या होत्या.) २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही चालण्याजोगे फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय. आणि यादीत आपली जागा कितवी, गुण किती, हे माहिती अधिकारात मागा. यादीच नाही असं उत्तर आलं तर ते उत्तर पण कामाचं आहे, पुढच्या पत्राला जोडा.

आधी खोटं करून बघा

सिमेंट ओतायच्या आधी पंधरा दिवस कोन, पाण्याने भरलेले प्लास्टिकचे बॅरियर आणि रंग वापरून तोच थांबा, तोच कोपरा रस्त्यावर मांडा. वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी घेऊन, आणि शेजारच्या दुकानदारांना आधी सांगून, नाहीतर पहिल्या रात्रीच कोन गायब. यात दोन गोष्टी कळतात: बस वळताना खरंच अडते का (पुण्यात असाल तर पीएमपी म्हणजे शहर बससेवेची मोठी बस मुद्दाम फिरवून बघा), आणि माणसं आपण ठरवलेल्या जागेवरून जातात की परत वाकवलेल्या गजातूनच. आमचा एक थांबा आम्ही कागदावर चौकात काढला होता, कोन मांडले तेव्हा कळलं की सगळे तीस मीटर अलीकडून जातायत कारण शेअर रिक्षा तिथे थांबतात. थांबा हलवला, कोन होते म्हणून फुकटात हलला.

झाल्यानंतर परत मोजा, तेच फॉर्म, तोच वार, तीच वेळ. अपघात कमी झाले का हे कळायला तीन वर्षं लागतात, तेवढं थांबू नका, वेग, थांबण्याचे सेकंद, किती गाड्या थांबल्या आणि किती माणसं परत फिरली हे महिन्याभरात दिसतं. तो परत फिरणाऱ्यांचा रकाना शून्याकडे गेला आणि ओलांडणाऱ्यांचा आकडा वाढला तर काम जमलं. गर्दी वाढली म्हणून अपघाताचा एखादा आकडा वाढलेला दिसेल, तेव्हा माणसांच्या संख्येने भागून बघा, घाईने उखडू नका.

आणि देखभालीचं वेळापत्रक यादीलाच जोडा. थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे गरम वितळवून मारायचे पट्टे ओल्या रस्त्यावर बसत नाहीत, त्यामुळे मे संपायच्या आत नाहीतर पाऊस ओसरल्यावर, आणि मारताना वरून काचेचे बारीक मणी टाकलेत का ते स्वतः बघा, रात्री हेडलाइटमध्ये पट्टा चमकतो तो त्यांच्यामुळे. केबलवाल्याने खणलं की पट्ट्याचा मधला तुकडा जातो आणि काळा डांबरी चौकोन राहतो, खणायची परवानगी देतानाच पट्टे पूर्ववत करायचे पैसे त्याच्याकडून घ्या. सहा पदरीवाल्या त्या जागेचं काय झालं म्हणाल तर थांबा झाला, दोन नवीन दिवे लागले, सिग्नल अजून फाईलीत आहे. गेल्या वेळी गेलो तेव्हा रेलिंगचा वाकलेला गज तसाच होता, पण त्यातून कुणी जात नव्हतं, त्यावर कुणीतरी फडकी वाळत घातली होती.